प्रक्षोभ, गंभीर व आकस्मिक : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात

गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयमनाची शक्ती नाहीशी झाली असता, त्या भरात एखाद्याने प्रक्षोभ देणाऱ्या व्यक्तीचा जीव घेतला, तर ते कृत्य खून या सदरात न मोडता सदोष मनुष्यवध ठरते, असे भारतीय दंडविधीचे तत्त्व आहे. या तत्त्वाने आरोपी निर्दोष ठरत नाही. त्याच्या अपराधाची प्रत खाली येते आणि त्यानुसार शिक्षाही सौम्य होते. तत्त्व सर्व देशास एकच असले, तरी त्याचा अर्थ लावताना दोन प्रश्न पुनःपुन्हा उभे राहतात : प्रक्षोभ गंभीर होता की नाही हे कोणाच्या मोजमापाने ठरवावयाचे आणि तो आकस्मिक होता की नाही हे कोणत्या घटिकेपासून मोजावयाचे? पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या बस्तरच्या अरण्यात या प्रश्नांना विशेष धार आली. कायदा करणारे व न्याय देणारे एका समाजातील, तर आरोपी व मृत दुसऱ्या समाजातील, अशी स्थिती येथे दीर्घ काळ होती.

प्रदेश व लोक : चांदा (आता चंद्रपूर) हे गोंड राजांचे राजधानीचे शहर. अठराव्या शतकाच्या मध्यास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि तिसरे रघूजी यांच्या मृत्यूनंतर (१८५३) नागपूरचे राज्य खालसा झाले, तेव्हा तो इंग्रजी अंमलाखाली आला. गोदावरी, प्राणहिता व इंद्रावती यांच्या काठचा सिरोंचाचा भाग निजामाकडून १८६० साली इंग्रजांना मिळाला व १८७४ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. पूर्वेकडील अरण्यमय पट्टा अहेरी, धानोरा, मुरूमगाव इ. जमीनदाऱ्यांत विभागलेला होता. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून त्यापैकी दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे.

भामरागड, एटापल्ली, अहेरी या तालुक्यांत माडिया गोंडांची वस्ती आहे. इंद्रावतीपलीकडील बस्तरमध्येही हीच जमात राहते व नदीच्या दोन्ही तीरांवर सोयरीक चालते. माडिया ही गोंडीची एक बोली असून ती मराठीहून सर्वस्वी भिन्न अशा द्राविड कुलातील आहे. शिकार, मासेमारी, वनोपज व शेती यांवर उपजीविका करणाऱ्या या लोकांत कुऱ्हाड हे रोजच्या वापरातील हत्यार आहे. सरपण, वाट मोकळी करणे, झाड तोडणे या सर्व कामांसाठी पुरुषाच्या खांद्यावर ती नेहमीच असते. आरोपीने हत्यार बरोबर आणले होते, ही गोष्ट शहरातील खटल्यात पूर्वनियोजनाचा पुरावा ठरू शकते. पण वनप्रदेशात केवळ तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट, रागाच्या पहिल्या क्षणी हाती कुऱ्हाड असल्यामुळे जे भांडण अन्यत्र धक्काबुक्कीवर थांबले असते, ते येथे मृत्यूपर्यंत जाऊ शकते.

तत्त्वाचा उगम : इंग्लंडच्या रूढ विधीत मनुष्यवधाच्या अपराधाची खून व त्याहून सौम्य अशी विभागणी झाली, तेव्हा प्रक्षोभाच्या तत्त्वास आकार आला. १७०७ मधील मॉग्रिज याच्या खटल्यात सरन्यायाधीश होल्ट यांनी प्रक्षोभाचे चार प्रकार सांगितले : भांडणात झालेला हल्ला, मित्रावर वा आप्तावर होत असलेला हल्ला, देशबांधवाचा बेकायदेशीर बंदिवास आणि पत्नीचा व्यभिचार प्रत्यक्ष दिसणे. केवळ शब्दांनी दिलेला प्रक्षोभ या विधीने पुरेसा मानला नाही. पुढे १८६९ मधील वेल्श खटल्यापासून ‘समंजस माणूस’ ही कसोटी रूढ झाली. म्हणजे असा माणूसही त्या परिस्थितीत ताबा गमावून बसला असता काय, असा प्रश्न ज्यूरीपुढे ठेवण्यात येऊ लागला.

मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने भारतासाठी दंड संहितेचा मसुदा १८३७ मध्ये सादर केला. प्रबळ प्रक्षोभामुळे रागाच्या भरात झालेल्या वधाला शिक्षा झालीच पाहिजे, कारण मनुष्याच्या जीविताविषयी आदर शिकविणे हे कायद्याचे कार्य आहे. परंतु ती शिक्षा खुनाइतकी कठोर असू नये, अशी आयोगाची भूमिका होती. शब्दांनी वा हावभावांनी केलेला घोर अपमान शारीरिक इजेइतकाच माणसास बेभान करू शकतो, हेही त्याने मान्य केले. या बाबतीत भारतीय कायदा इंग्लंडच्या कायद्याच्या पुढे होता. तेथे शब्दांना असे स्थान १९५७ च्या मनुष्यवध अधिनियमाने मिळाले.

कायद्यातील तरतुदी : भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिच्या कलम ३०० च्या पहिल्या अपवादात हे तत्त्व ग्रथित झाले. या अपवादास तीन परंतुके होती : प्रक्षोभ आरोपीने स्वतः ओढवून घेतलेला नसावा, तो कायद्याचे पालन करताना किंवा लोकसेवकाने आपल्या अधिकारांचा कायदेशीर वापर करताना दिलेला नसावा, आणि तो खाजगी संरक्षणाच्या हक्काच्या कायदेशीर वापरातून उद्भवलेला नसावा. प्रक्षोभ पुरेसा गंभीर व आकस्मिक होता किंवा नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न असल्याचे स्पष्टीकरणात म्हटले होते. त्याच कलमाच्या चौथ्या अपवादात अकस्मात उद्भवलेल्या भांडणात, पूर्वयोजनेवाचून, गैरफायदा न घेता व क्रौर्य न करता झालेल्या वधाचा समावेश होता. प्रक्षोभाच्या भरात दुखापत करणाऱ्यासाठीही संहितेत वेगळी व सौम्य शिक्षा होती.

दुसरे परंतुक वनप्रदेशात महत्त्वाचे ठरते. लोकसेवकाने कायदेशीर अधिकाराने केलेली अटक कितीही संतापजनक वाटली, तरी त्या संतापात त्याला मारणे हा खूनच होय, असे संहितेतील उदाहरणावरून स्पष्ट होते. परंतु परंतुकाचे संरक्षण कायदेशीर वापरापुरतेच आहे. अधिकाराबाहेर जाऊन केलेली मारहाण, अडवणूक किंवा विटंबना त्यात बसत नाही. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वन अधिनियमान्वये राखीव झालेल्या जंगलांत सरपण, चराई व फिरती शेती यांवर निर्बंध आले आणि ग्रामस्थांचा वनरक्षकाशी रोजचा संबंध सुरू झाला. कायदेशीर अधिकार कोठे संपतो, हा प्रश्न अशा प्रदेशात केवळ पुस्तकी राहत नाही.

या अपवादावर शिक्षेचे सर्व गणित अवलंबून आहे. कलम ३०२ अन्वये खुनास मृत्यू किंवा जन्मठेप (१९५५ च्या दुरुस्तीपूर्वी जन्मभर काळेपाणी) अशा दोनच शिक्षा होत्या. त्यामुळे अपराध एकदा खून ठरला, की सौम्यतेची कोणतीही परिस्थिती आरोपीस फाशीपासून वाचवू शकते. जन्मठेपेच्या खाली आणू शकत नाही. अपवाद लागू झाला तर मात्र कलम ३०४ खाली दहा वर्षांपर्यंतचा, क्वचित त्याहून पुष्कळ कमी मुदतीचा कारावास देता येत असे. १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या कलम ४३३-क प्रमाणे, देहदंडही होऊ शकेल अशा अपराधाबद्दल जन्मठेप झालेल्या कैद्याची किमान चौदा वर्षे कारावास भोगल्याखेरीज सुटका होत नाही. तेव्हापासून हे अंतर अधिकच रुंदावले. एका क्षणाच्या वर्णनावर माणसाच्या आयुष्याची दहा-बारा वर्षे, आणि पूर्वी त्याचा जीवही, अवलंबून असे.

वनप्रदेशातील अंमल : चांद्याच्या जमीनदाऱ्या १८७४ च्या अनुसूचित जिल्हे अधिनियमात समाविष्ट होत्या. १९३५ च्या भारत शासन अधिनियमाखालील १९३६ च्या आदेशाने अहेरी जमीनदारी व गडचिरोली तहसिलीतील अनेक जमीनदाऱ्या ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ म्हणून घोषित झाल्या. जमीन, सावकारी व सारा यांबाबत या क्षेत्रांना वेगळे नियम लावता येत असत. खुनाच्या खटल्यास मात्र दंड संहिता तीच होती. सत्र न्यायालयाने दिलेल्या देहदंडास नागपूर येथील न्याय आयुक्तांची व १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालयाची पुष्टी लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर हे काम मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेले.

गावपातळीवर गोंड समाजाची स्वतःची पंचायत होती व आहे. पत्नी दुसऱ्याबरोबर निघून गेल्यास पहिल्या पतीस नुकसानभरपाई देववून व जमातीला भोजन घालून तंटा मिटविण्याची रूढी गोंडांत सर्वत्र आढळते. पत्नी परपुरुषाकडे गेली म्हणून तिचा वा त्याचा जीव घ्यावा, असे ही रूढी सांगत नाही; उलट, तसे होऊ नये म्हणून तिने मार्ग काढलेला आहे. त्यामुळे अमुक वध ‘जमातीच्या रूढीनुसार’ झाला, हे विधान बहुधा चुकीचे ठरते. माडिया आरोपी रूढी पाळताना नव्हे, तर इतर कोणत्याही माणसाप्रमाणे रूढी मोडताना ताबा गमावतो. प्रक्षोभाच्या विचारात रूढीचा उपयोग कृत्याच्या समर्थनासाठी नसून अपमानाचे वजन समजून घेण्यापुरता आहे.

एल्विन यांचा अभ्यास : या विषयावरील सर्वांत महत्त्वाचे लेखन इंद्रावतीपलीकडील बस्तर संस्थानाबाबत झाले. विल्फ्रिड ग्रिग्सन या सनदी अधिकाऱ्याचा बस्तरच्या माडिया गोंडांवरील ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी संस्थानच्या न्यायालयीन कागदपत्रांतील शंभर खून-खटल्यांचा व त्यांबरोबर आत्महत्यांचाही अभ्यास करून मारिया मर्डर अँड स्यूइसाइड हा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यास ग्रिग्सन यांची प्रस्तावना आहे. त्यातील सामग्री मुख्यतः दक्षिण बस्तरमधील दंडामी माडियांची आहे, भामरागडच्या डोंगराळ भागातील माडियांची नव्हे. तथापि भाषा, उपजीविका व समजुती यांतील साम्यामुळे सीमेअलीकडील प्रदेशासही तिचा उपयोग होतो.

एल्विन यांनी वधामागील कारणांची वर्गवारी केली : वैवाहिक निष्ठेविषयीचा संशय, घरगुती भांडणे, मालमत्तेचे तंटे, चोरीचा आळ, शिवीगाळ, सूड, जादूटोण्याचा संशय, मद्यपान, वेडेपणा आणि थकवा. शेवटचे कारण वाचकास प्रथम आश्चर्यकारक वाटते. दिवसभराच्या श्रमाने थकून घरी आलेल्या माणसास वेळेवर जेवण न मिळणे व त्यावरून उणेदुणे निघणे, एवढ्या क्षुल्लक निमित्ताने काही वध घडले होते. न्यायालयाच्या दृष्टीने हा प्रक्षोभ मुळीच गंभीर नाही. आणि मृत व्यक्ती अशा प्रसंगी बहुधा पत्नी असते, हे लक्षात घेता न्यायालयाची ही दृष्टी योग्यच म्हणावी लागेल.

या अभ्यासातून दोन निष्कर्ष निघतात. एक, वधाची कारणे विलक्षण किंवा अगम्य नव्हती. त्यांपैकी बहुतेक कारणे कोणत्याही समाजातील न्यायालयांना परिचित आहेत. दोन, दंडामी माडियांत वधांचे प्रमाण अधिक, तर त्याच अरण्यात राहणाऱ्या, त्याच भाषाकुलातील शेजारच्या मुरियांत ते कमी होते. मुरियांच्या तरुण-तरुणींच्या घोटुल या संस्थेस एल्विन यांनी याचे काही श्रेय दिले. त्यांचे हे स्पष्टीकरण मान्य असो वा नसो, आदिवासी मुळातच रागीट असतो, या प्रशासकांत व नगरवासीयांत रूढ असलेल्या समजुतीस या तुलनेने छेद दिला.

आपला गुन्हा न लपविता कबुली देणारे आरोपीही या खटल्यांत अनेक होते. ही सरलता नैतिक दृष्ट्या आदरास पात्र असली, तरी न्यायालयात ती आरोपीस घातक ठरू शकते. ‘मी त्याला मारले’ एवढे सांगणारा मनुष्य त्याआधी काय घडले, हे न विचारल्यास सांगत नाही. प्रक्षोभाचा अपवाद लागू आहे हे दाखविण्याचा भार १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम १०५ प्रमाणे आरोपीवर होता. त्या कलमातील एक उदाहरण नेमके आकस्मिक प्रक्षोभाचेच आहे. पोलिसांपुढील कबुली ग्राह्य नसली, तरी दंडाधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य असते. माडियात उच्चारलेला अपशब्द दुभाष्यामार्फत मराठीत व तेथून इंग्रजी टिपणात जाईपर्यंत त्यातील दंश नाहीसा होतो आणि कागदावर केवळ ‘किरकोळ बाचाबाची’ उरते. अपराधाची प्रत ठरविणारा पुरावाच अशा रीतीने भाषांतरात लोप पावू शकतो.

नानावटी खटला व सामाजिक कसोटी : स्वतंत्र भारतात या तत्त्वाची अधिकृत मांडणी झाली ती अरण्यातील नव्हे, तर मुंबईतील एका खटल्यात. नौदलातील अधिकारी का. मा. नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीच्या प्रियकराचा पिस्तुलाने वध केला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने त्यांना निर्दोष ठरविले. परंतु सत्र न्यायाधीशांनी हा निर्णय अमान्य करून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये खुनाबद्दल जन्मठेप दिली व सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. पत्नीची कबुली ऐकल्यानंतर आरोपीने कुटुंबास चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन पिस्तूल मिळविले आणि सु. तीन तासांनी वध केला; एवढ्या अवधीत प्रक्षोभ शमून विचारास वाव मिळाला होता, असे न्यायालयाने ठरविले. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली.

या निर्णयात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी चार सूत्रे सांगितली. आरोपीच्या समाजवर्गातील समंजस माणूस त्या परिस्थितीत आत्मसंयम गमावून बसला असता काय, ही कसोटी होय. काही परिस्थितीत शब्द व हावभावही पुरेसे ठरतात. मृताच्या पूर्वीच्या कृत्यांमुळे निर्माण झालेली मनोभूमिका विचारात घेता येते. आणि प्राणघातक आघात त्या प्रक्षोभातूनच, तो निवण्यापूर्वी, झालेला असला पाहिजे. पहिल्या सूत्रामुळे गांभीर्याचे मोजमाप आरोपीच्या समाजाकडे सोपविले गेले. चौथ्यामुळे कालाचे मोजमाप मात्र सर्वांस एकच राहिले. नगरातील सुशिक्षित अधिकाऱ्याच्या खटल्यात घालून दिलेले हे पहिले सूत्र वस्तुतः भामरागडच्या माणसास अधिक उपयोगी आहे.

अन्य देशांतही असाच विचार झाला. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमध्ये न्यायमूर्ती क्रीवाल्ड यांनी १९५० नंतरच्या दशकात, आदिवासी आरोपीच्या बाबतीत त्याच्याच जमातीतील सामान्य माणूस ही कसोटी लावावी, असे ज्यूरीस सांगितले. पूर्व आफ्रिकेच्या अपील न्यायालयाने १९४१ साली युगांडातील एका खटल्यात, रात्री आवारात नग्न स्थितीत रांगताना सापडलेल्या व चेटक्या समजल्या गेलेल्या माणसाच्या वधाबद्दल प्रक्षोभाचा बचाव मान्य केला. पण हे न्यायालयही तेवढ्यावर थांबले. चेटकाविषयीची केवळ धास्ती वा जुना संशय त्याने पुरेसा मानला नाही.

जादूटोण्याचा संशय : चंद्रपूर–गडचिरोली भागातही हा प्रश्न गंभीर आहे. मूल दगावणे, गुरे मरणे किंवा दीर्घ आजार यांचा दोष करणी वा भानामती करणाऱ्या म्हणून संशयित असलेल्या व्यक्तीवर टाकला जातो आणि त्यातून मारहाण व क्वचित वधही होतो. मारणाऱ्याची भीती खरी असू शकते. त्याच्या समाजात तशी समजूत आहे, हेही खरे असते. तरीही हा प्रसंग अपवादात सहसा बसत नाही. संशय दिवसेंदिवस वाढत गेलेला असतो, त्यावर चर्चा झालेली असते, अनेकदा वैदूचा वा मांत्रिकाचा कौल घेतलेला असतो. आकस्मिकता त्यात नसते. शिवाय मृताने वस्तुतः काहीच केलेले नसते. प्रक्षोभाचे तत्त्व मृताच्या एखाद्या कृत्यावर आधारलेले आहे, आरोपीच्या कल्पनेवर नव्हे. म्हणून अशा प्रकरणी श्रद्धेचा विचार, झालाच तर, देहदंड टाळण्यापुरता करणे युक्त ठरते.

यात जीव गमावणारी व्यक्ती बहुधा गावातील सर्वांत दुर्बळ असते : वृद्ध, विधवा, निपुत्रिक किंवा एकाकी. तीही त्याच समाजाची घटक असते. समाजाच्या समजुतीचा मान राखावयाचा म्हणून वधाचे गांभीर्य कमी केले, तर त्याच समाजातील दुबळ्यांचे संरक्षण कमी होते. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर (२० ऑगस्ट २०१३) प्रथम वटहुकूम व त्याच वर्षी अधिनियम होऊन, एखाद्यावर करणी वा जादूटोणा केल्याचा आरोप ठेवून त्याचा छळ करणे हा सहा महिने ते सात वर्षे कारावासास पात्र असा अपराध झाला. जी समजूत एकेकाळी शिक्षेच्या सौम्यतेचे कारण म्हणून मांडली जाई, तिच्या आधारे केलेली छळवणूकच अशा रीतीने दंडनीय ठरली.

मद्यपान : मोहाची दारू व गोरग्याचा रस हे सणासमारंभातील पेय असल्याने अनेक भांडणांस मद्याची पार्श्वभूमी असते. स्वेच्छेने घेतलेल्या मद्याची धुंदी हा दंड संहितेनुसार बचाव नव्हे. पेप्सू राज्यातील एका खटल्यात, विवाहाच्या पंगतीत जागेवरून झालेल्या वादात मद्यधुंद माणसाने एका मुलास गोळी घातली असता, सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये खुनाचीच शिक्षा कायम केली. शुद्धीवर असलेला माणूस ज्याने प्रक्षुब्ध झाला नसता, त्याने मद्यपी प्रक्षुब्ध झाला तरी अपवाद लागू होत नाही.

शिक्षाविषयक दृष्टिकोनातील बदल : १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे खुनाबद्दल देहदंड न दिल्यास न्यायाधीशास त्याची कारणे लिहावी लागत; म्हणजे देहदंड हा नियम होता. एल्विन यांनी अभ्यासिलेले खटले या काळातील आहेत. १९५५ च्या दुरुस्तीने हे बंधन गेले आणि १९७३ च्या संहितेने क्रम उलटविला : देहदंड दिल्यास विशेष कारणे नमूद करावी लागतात व शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे लागते. बचन सिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने देहदंड ‘विरळातील विरळ’ प्रकरणांपुरता मर्यादित केला. सौम्यकारी परिस्थितींच्या तेथे नमूद झालेल्या यादीत अपराध तीव्र मानसिक वा भावनिक क्षोभाखाली घडणे, ही पहिलीच बाब आहे. अपवादाच्या चौकटीत न बसणाऱ्या क्षोभासही अशा रीतीने शिक्षेच्या टप्प्यावर स्थान मिळाले.

आकस्मिकतेच्या अर्थातही बदल होत आहे. दीर्घकाळ छळ सोसणाऱ्या व्यक्तीचा संयम एखाद्या लहान निमित्ताने सुटतो, तेव्हा केवळ शेवटचे निमित्त पाहणे अन्यायाचे होते. छत्तीसगढमधील एका प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये साचत गेलेल्या प्रक्षोभाचा विचार करून भावाच्या वधाबद्दलची खुनाची दोषसिद्धी सदोष मनुष्यवधात बदलली. उलटपक्षी, पुरुषाच्या मत्सरास या तत्त्वाने अवाजवी आश्रय दिला, अशीही टीका झाली. व्यभिचार करताना सापडलेल्या पत्नीच्या वधास सूट देणारे फ्रान्सच्या १८१० च्या दंड संहितेतील कलम १९७५ मध्ये रद्द झाले. टास्मानिया (२००३), व्हिक्टोरिया (२००५) व न्यूझीलंड (२००९) यांनी प्रक्षोभाचा बचाव काढून टाकला. इंग्लंडने २००९ च्या अधिनियमाने त्याऐवजी ‘संयमनाश’ ही मर्यादित संकल्पना आणली आणि केवळ वैवाहिक बेइमानी हे त्याचे पुरेसे कारण मानले जाणार नाही, असे ठरविले.

भारताने तत्त्व कायम ठेवले आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ च्या पहिल्या अपवादात ते जवळजवळ जुन्याच शब्दांत आहे. मात्र कलम १०५ प्रमाणे, मृत्यू घडवून आणण्याच्या उद्देशाने केलेल्या सदोष मनुष्यवधास आता किमान पाच वर्षांचा कारावास आवश्यक आहे. त्यामुळे अत्यंत कणव उत्पन्न करणाऱ्या प्रकरणीही न्यायाधीशास पूर्वीइतकी मोकळीक उरलेली नाही. सिद्धतेचा भार नव्या साक्ष अधिनियमातही आरोपीवरच आहे.

मूल्यमापन : वनप्रदेशातील आरोपीस सौम्य शिक्षा द्यावी काय, या प्रश्नाची चर्चा बरीच वर्षे दोन टोकांवर झाली. एका पक्षाने कायदा सर्वांस समान, म्हणून आरोपीच्या जीवनपद्धतीकडे पाहू नये असे म्हटले. दुसऱ्याने आदिवासी बालसदृश व क्षणकोपी, म्हणून त्याच्यावर दया करावी असे सुचविले. पहिल्या भूमिकेत अपमानाचे वजन नगरवासीयाच्या तराजूत पडते; दुसऱ्या भूमिकेत दयेच्या नावाखाली एका सबंध समाजास संयमास अपात्र ठरविले जाते आणि त्याच समाजातील मृताची किंमत कमी होते. नानावटी खटल्यातील सूत्र या दोहोंच्या मधले आहे. त्यात आरोपीच्या समाजातील समंजस माणूस गृहीत धरलेला आहे. म्हणजे माडिया समाजातही संयमी माणूस हाच नियम, हे त्यात मान्य केलेले आहे. या सूत्राचा लाभ प्रत्यक्षात मिळणे मात्र कायद्याच्या शब्दांहून साध्या गोष्टींवर अवलंबून असते : आरोपीची बोली जाणणारा दुभाषा, वेळेवर मिळालेला वकील आणि आघातापूर्वी नेमके काय बोलले गेले, हे आरोपीस त्याच्या भाषेत विचारणारे न्यायालय. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९९५ पासून अंमलात आल्यावर अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीस मोफत वकील मिळण्याचा हक्क प्राप्त झाला. प्रक्षोभ गंभीर होता की किरकोळ, याचा निर्णय त्यानंतरचा. तो प्रसंग न्यायालयापुढे यथातथ्य येणे, ही त्याची पहिली अट होय.